दुय्यम म्हणून मोजलेले
चित्रपट-अभिनयाचे पुरस्कार आणि मराठी नावे

फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला सोहळा २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात झाला. त्या वर्षी पुरस्कार पाचच होते: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि संगीतकार. ‘दाग’साठी दिलीपकुमार आणि ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारी यांची निवड झाली. कौल वाचकांच्या मतांचा होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ सुरुवातीला या पुरस्कारांना ‘क्लेअर्स’ म्हणत. विजेत्यांच्या हाती जी काळी स्त्रीमूर्ती पडली, ती घडवली होती ना. ग. पानसरे या आपल्या शिल्पकाराने.

दुसऱ्या वर्षी, १९५५ मध्ये, अभिनयासाठी आणखी दोन पुरस्कार सुरू झाले: सहायक अभिनेता आणि सहायक अभिनेत्री. पहिला मान ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड यांना आणि ‘बादबान’साठी उषाकिरण यांना मिळाला. डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनाव चौलचे, समाज बेने इस्रायली आणि घरची भाषा मराठी. उषाकिरण या पूर्वाश्रमीच्या उषा मराठे, वसईच्या. म्हणजे हिंदी चित्रपटातल्या ‘सहायक’ या मानाचे पहिले दोन्ही धनी मराठी बोलणारे होते.

हा योगायोग असेल, म्हणून मी पुढची यादी काढून बसलो. तिच्यात जे दिसले त्याचा मला आधी अभिमान वाटला, मग अस्वस्थता. हा लेख त्या अस्वस्थतेचा आहे.

दहा वर्षांची यादी

खाली दिलेली वर्षे सोहळ्यांची आहेत, चित्रपटांची नव्हेत. १९५५ ते १९६४ या दहा सोहळ्यांतल्या सहायक अभिनेत्री अशा: उषाकिरण (बादबान), निरूपा रॉय (मुनीमजी), वैजयंतीमाला (देवदास), श्यामा (शारदा), नलिनी जयवंत (काला पानी), ललिता पवार (अनाडी), नंदा (आँचल), पुन्हा निरूपा रॉय (छाया), शशिकला (आरती) आणि लगेच पुढच्या वर्षी पुन्हा शशिकला (गुमराह). दहापैकी सहा पुरस्कार मराठी घरांतून आलेल्या अभिनेत्रींचे. मास्टर विनायकांची मुलगी नंदा, सोलापूरच्या जवळकरांची शशिकला, येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई, मुंबईतल्या मराठी घरातल्या नलिनी जयवंत.

याच दहा वर्षांत सहायक अभिनेत्यांमध्ये मराठी बोलणारे दोघेच भरतात: डेव्हिड आणि ‘कानून’साठी १९६२ मध्ये निवडले गेलेले नाना पळशीकर. (पळशीकरांना १९६५ मध्ये ‘शहर और सपना’साठी तो पुन्हा मिळाला.) मुख्य अभिनेत्याच्या यादीत तर एकही मराठी नाव नाही. ते यायला १९८० साल उजाडावे लागले: ‘गोलमाल’चे अमोल पालेकर. म्हणजे पहिल्या सोहळ्यानंतर सव्वीस वर्षे.

मुख्य अभिनेत्रीच्या यादीत मराठी घरातले नाव एकच, पण ते भक्कम आहे. नूतन: १९५७ मध्ये ‘सीमा’, १९६० मध्ये ‘सुजाता’, १९६४ मध्ये ‘बंदिनी’ आणि पुढे आणखी दोन. नलिनी जयवंत या नूतनच्या आईच्या, शोभना समर्थांच्या, नात्यातल्या बहीण. नूतनची सख्खी बहीण तनुजा, तिला १९७० मध्ये ‘पैसा या प्यार’साठी पुरस्कार मिळाला तो सहायक अभिनेत्रीचा. एकाच गोतावळ्यातली ही तीन नावे. त्यातले एक पुन्हा पुन्हा पहिल्या रांगेत आणि दोन दुसऱ्या रांगेत. तेव्हा ‘मराठी होत्या म्हणून मागे पडल्या’ असे सरळ उत्तर देता येत नाही. ते आपल्याला आवडते, पण आकडे त्याला पुरेसा आधार देत नाहीत.

‘सहायक’ म्हणजे कोणाला?

आधी शब्दाकडे पाहू. ही कल्पना हॉलिवूडची. ऑस्करमध्ये सहायक भूमिकांचे पुरस्कार १९३७ च्या सोहळ्यापासून सुरू झाले. पहिली काही वर्षे मुख्य नट-नट्यांना सोनेरी पुतळा मिळे आणि सहायकांना नुसती पाटी. दर्जातला फरक असा हातात ठेवला जाई. पुढे पुतळा सर्वांना मिळू लागला, तरी मुख्य कोण आणि सहायक कोण हा घोळ मिटला नाही. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’मधल्या एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झजेराल्ड यांचे नाव दोन्ही गटांत आले आणि त्यानंतर नियम बदलावा लागला. भूमिका तीच, माणूस तोच, काम तेच. मतदारांना मात्र ते कुठे ठेवावे हे कळेना.

आपल्याकडे हा घोळ लवकरच चव्हाट्यावर आला. १९५७ मध्ये ‘देवदास’च्या चंद्रमुखीसाठी वैजयंतीमालांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. चंद्रमुखी ही पारोच्या तोडीची भूमिका आहे, तिला सहायक म्हणता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. ‘देवदास’ पाहिलेल्या कोणालाही त्यात खोट काढता येणार नाही. पारो देवदासच्या आठवणीत राहते, चंद्रमुखी त्याच्यासमोर बसून बदलत जाते. अभिनयाला वाव कोणाला जास्त, हे वेगळे सांगायला नको.

दोनच वर्षांनी ‘काला पानी’. नायक देव आनंद, नायिका मधुबाला आणि नाचगाण्याच्या कोठ्यावरची किशोरी म्हणजे नलिनी जयवंत. मांडणी ‘देवदास’चीच: एक कुलीन, एक कोठ्यावरची. वडिलांवरचा खुनाचा आळ दूर करायला निघालेल्या नायकाला पुरावा मिळतो तो किशोरीमुळे. त्यासाठी तो तिच्याशी प्रेमाचे नाटक करतो आणि ती मात्र खरेच जीव लावून बसते. फसवली गेल्याचे कळल्यावरही मदत करायची की नाही, हा निर्णय चित्रपटभर फक्त तिच्या वाट्याला आलेला आहे. नायक-नायिकेला असा निर्णय घ्यावाच लागत नाही, कारण ते पहिल्यापासून बरोबरच असतात. देव आनंद यांना त्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, नलिनीबाईंना सहायक अभिनेत्रीचा. आठ वर्षांपूर्वी ‘समाधी’ आणि ‘संग्राम’मध्ये त्या अशोककुमारांच्या नायिका होत्या.

मराठी रंगभूमीवर वाढलेल्या प्रेक्षकाला ही वाटणी तशी परकीच आहे. ‘एकच प्याला’त सुधाकर नायक हे खरे, पण तळीरामाला कोणी सुधाकराचा सहायक म्हटले नसते. भूमिका लहान की मोठी, हे आपण जाणत होतो. कोण कोणाचा मदतनीस, हे नाटकाच्या जाहिरातीत लिहिण्याची चाल नव्हती.

तीन कारणे आणि त्यांच्या मर्यादा

मग दहापैकी सहा कशामुळे? तीन कारणे सुचतात.

पहिले भाषेचे. त्या काळच्या नायक-नायिकेची बोली उर्दूमिश्रित हिंदुस्थानी होती. घरमालकीण, सासू, मोलकरीण यांना थोडा वेगळा हेल चालत असे. म्हणून मराठी अभिनेत्री त्या भूमिकांकडे वळल्या असाव्यात. ललिताबाईंपुरते हे काही अंशी पटते. पण नलिनी जयवंतांचे काय? यादीतली सर्वांत उर्दूभरली भूमिका त्यांचीच आहे आणि पुरस्कार त्यांना त्याच भूमिकेसाठी मिळाला. नूतनच्या बाबतीत तर हे कारण उभेच राहत नाही.

दुसरे कारण वयाचे. सहायक अभिनेत्रीचा गट १९५५ मध्ये निघाला, तेव्हा तिसाच्या-चाळिसाच्या दशकांतल्या नायिका नायिकापदावरून उतरत होत्या. ललिता पवार मूकपटांपासून पडद्यावर होत्या. १९४२ च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांच्या चेहऱ्याला इजा झाली, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकापद संपले. ‘अयोध्येचा राजा’ची तारामती, दुर्गा खोटे, यांना फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला तो १९७५ मध्ये, ‘बिदाई’तल्या आईसाठी आणि सहायक म्हणून. पण हेही कारण सर्वांना लागू पडत नाही. ‘आँचल’साठी पुरस्कार मिळाला तेव्हा नंदा जेमतेम बावीस वर्षांची होती. पुढे ती ‘जब जब फूल खिले’ची नायिका झाली. उषाकिरण तर ‘बादबान’च्या आदल्याच वर्षी ‘पतिता’ची नायिका होत्या.

वयाचे कारण एका बाबतीत मात्र टोचते. दिलीपकुमार यांना ‘शक्ती’साठी १९८३ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तेव्हा ते साठीचे होते आणि भूमिका बापाची होती. अशोककुमार यांना ‘आशीर्वाद’साठी १९७० मध्ये तोच पुरस्कार मिळाला, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. नूतनने १९७९ मध्ये ‘मैं तुलसी तेरे आँगन की’साठी बेचाळिसाव्या वर्षी मुख्य पुरस्कार मिळवला, हे अपवादात्मक होते. पण १९८६ मध्ये ‘मेरी जंग’मध्ये ती आई झाली, तेव्हा पाच मुख्य पुरस्कार मिळवलेली हीच नूतन ‘सहायक’ ठरली. बाप मुख्य होऊ शकतो, आई सहसा सहायकच असते.

तिसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्या काळच्या हिंदी चित्रपटाची नायिका बऱ्याच गोष्टी करू शकत नसे. ती मत्सरी असू शकत नव्हती, लबाड असू शकत नव्हती, कुरूप दिसू शकत नव्हती, आणि चुकली तरी शेवटी प्रेक्षकांनी तिला माफ करणे आवश्यक होते. अभिनेत्याला जिथे खरे काम असते ती माणसाची वाकडी बाजू, आणि तीच नायिकेकडून काढून घेतलेली होती. ती गेली कुठे? दुसऱ्या रांगेत. आणि दुसऱ्या रांगेत उभे राहायला, आपली प्रतिमा न जपता काम करायला ज्या तयार होत्या, त्यांत मराठी अभिनेत्री पुष्कळ होत्या.

१९६३ चा सोहळा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुख्य अभिनेत्रीसाठी नामांकने तीन होती आणि तिन्ही मीनाकुमारींचीच: ‘आरती’, ‘मैं चुप रहूँगी’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’. पुरस्कार ‘साहिब बीबी’ला मिळाला. छोटी बहू दारू पिते, नवऱ्यासाठी झुरते, घसरत जाते. नायिकेला क्वचित मिळालेली वाकडी बाजू ती हीच, आणि मतदारांनी नेमकी तिलाच पसंती दिली. ‘आरती’तली सोशिक सून मात्र मागे राहिली. त्याच ‘आरती’मधल्या मत्सरी जाऊबाईसाठी शशिकलांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी ‘गुमराह’. विवाहित नायिकेला धमकावून पैसे उकळणारी बाई शेवटी तिच्या नवऱ्याचीच सेक्रेटरी निघते. म्हणजे शशिकलांनी तिथे एका अभिनय करणाऱ्या बाईचाच अभिनय केला आहे. चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला की त्यांच्या प्रत्येक दटावणीला दुसरा अर्थ येतो. नायिकेच्या भूमिकेला दुसऱ्यांदा पाहून असा अर्थ येत नाही.

‘अनाडी’तल्या मिसेस डीसांचेही तसेच. वरून करवादणारी, आतून लेकराप्रमाणे माया करणारी ही ख्रिश्चन घरमालकीण भेसळीच्या औषधाने मरते. तिच्या मृत्यूमुळे नायकावर आळ येतो आणि औषध कंपनीच्या मालकाचा गुन्हा उघडा पडतो. चित्रपटाचा सारा नैतिक भार तिच्या मृत्यूवर उभा आहे. ललिताबाईंच्या अधू डोळ्याचा खाष्ट सासवांसाठी पडद्याने पुष्कळ वापर करून घेतला. इथे त्याच चेहऱ्यावर माया उमटते, आणि आधी तो चेहरा आपल्याला धाकात ठेवून गेलेला असतो म्हणून ती जास्त लागते. याला ‘सहाय’ म्हणायचे असेल तर घराच्या खांबालाही सहायकच म्हणावे लागेल.

१९८४

तीस वर्षांनी पहिल्या वर्षाची जणू पुनरावृत्ती झाली. १९८४ च्या फिल्मफेअर सोहळ्यात सहायक अभिनेता ठरले सदाशिव अमरापूरकर (अर्धसत्य) आणि सहायक अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी (अर्थ). दोघेही मराठी रंगभूमीवरून आलेले. ‘अर्धसत्य’ची पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची आणि नाव दिलीप चित्र्यांच्या कवितेचे. रामा शेट्टी फार वेळ दिसतही नाही, पण तो पडद्यावर नसतानाही वेलणकर त्याच्याच सावलीत वावरत असतो. पुढे १९९२ मध्ये फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याचे पहिले मानकरीही अमरापूरकरच ठरले, ‘सडक’साठी. नवी खोली बांधली की पहिला भाडेकरू मराठी, असेच जणू ठरून गेले होते.

‘अर्थ’मध्ये तीन बायका आहेत. सोडून दिलेली पत्नी शबाना आझमी, दुसरी बाई स्मिता पाटील आणि मोलकरीण रोहिणी हट्टंगडी. शबानांना मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी त्या गटात त्यांची एकटीची चार नामांकने होती. स्मिताचे नाव सहायक गटात गेले आणि पुरस्कार रोहिणीबाईंना मिळाला. या वाटणीमागे एक न बोललेला निकाल दडलेला आहे. लग्नाची बायको मुख्य, दुसरी बाई सहायक. स्मिताने तिथे जे केले आहे, अपराधाने हळूहळू मन ढळत गेलेली बाई, ते शबानांच्या कामापेक्षा कमी नाही, फक्त सहानुभूतीच्या चुकीच्या बाजूला आहे. आणि मोलकरीण? मुलीच्या शाळेसाठी जमवलेले पैसे नवरा उधळतो, तेव्हा ती त्याला मारून टाकते. शिकली-सवरलेली नायिका ‘अर्थ’ शोधत असताना या बाईने आपला हिशेब चुकता केलेला असतो. चित्रपटातला सर्वांत टोकाचा निर्णय पुन्हा दुसऱ्या रांगेतला.

नावे आणि कारणे

राष्ट्रीय पुरस्कारांनी हा गट बराच उशिरा स्वीकारला. राष्ट्रपती सुवर्णपदकाचा पहिला मान ‘श्यामची आई’ला मिळाला हे आपण शाळेपासून ऐकतो. पण तिथे अभिनयासाठी वैयक्तिक पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाले (उत्तमकुमार आणि नर्गिस) आणि सहायक अभिनयासाठी १९८४ च्या चित्रपटांपासून. पहिल्या सहायक अभिनेत्री ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी, दुसऱ्या ‘रावसाहेब’साठी विजया मेहता. ‘पार्टी’ महेश एलकुंचवारांच्या नाटकावरची, ‘रावसाहेब’ जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’वरचा. त्याआधी ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी रोहिणीबाईंना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला होता, तोही सहायक अभिनेत्रीचाच. ‘पार्टी’त तर एकाच रात्री एका घरात जमलेली माणसे आहेत. तिथे मुख्य कोणीच नाही. मग सहायक कोणाचे?

तरी या दोन व्यवस्थांत एक फरक आहे आणि अभ्यासकाला तो उपयोगी पडतो. राष्ट्रीय पुरस्कार नामांकने जाहीर करत नाहीत, पण पुरस्कार का दिला याचे दोन-तीन ओळींचे कारण छापतात. फिल्मफेअर कारण देत नाही, पण पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून मागे राहिलेल्यांची नावे जपते. एकाकडे निवाडा आहे, दुसऱ्याकडे पराभूतांची यादी. मला ही दुसरी यादी जास्त बोलकी वाटते. १९६१ च्या यादीत ‘मुघल-ए-आझम’ची मधुबाला नामांकनातच राहिलेली दिसते आणि पुरस्कार ‘घूँघट’च्या बीना रॉय यांच्या नावापुढे. विजेत्यांचीच नावे राहिली असती तर त्या वर्षी मतदारांपुढे काय होते हे यादीवरून कळले नसते. दोन्ही यादींबाहेरही माणसे राहतातच. हिंदी पडद्यावर इतक्या नायकांची आई झालेल्या सुलोचनादीदींचे नाव सहायक अभिनेत्रीच्या विजेत्यांत कधीच आले नाही.

आपण मराठी माणसे अशा याद्या वाचतो त्या बहुधा आपली नावे मोजायला. मीही तेच करत होतो. पण नावे मोजताना गट कोणता, हे आपण विसरतो. सहा पुरस्कार मिळाले हा अभिमान खराच, आणि ते सहाही दुसऱ्या रांगेतले, हेही तितकेच खरे. त्या रांगेला कमी लेखण्याची गरज नाही. वर पाहिल्याप्रमाणे अस्सल अभिनय पुष्कळदा तिथेच झाला. पण मग ‘सहायक’ हा शब्द आपण तरी परीक्षणांत आणि मृत्युलेखांत इतक्या सहज का वापरावा? भूमिकेने चित्रपटात काय केले हे लिहावे. ती कोणाच्या मदतीला उभी होती हे लिहू नये.

शेवटी घरातलेच उदाहरण. महाराष्ट्र राज्य चित्रपट पुरस्कारांत अभिनयाच्या पुरस्कारांना दिवंगत कलावंतांची नावे आहेत. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराला स्मिता पाटीलचे नाव आहे. सहायक अभिनेत्रीच्या पुरस्काराला शांता हुबळीकर आणि हंसा वाडकर यांचे. शांताबाई ‘माणूस’ची नायिका. हंसाबाई ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ची नायिका. दोघी गाजल्या त्या मुख्य भूमिकांनी. स्मिताला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘भूमिका’साठी, आणि ‘भूमिका’ उभी आहे हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर. जिचे आयुष्य साकारून एकीला मुख्य अभिनेत्रीचा मान मिळाला, तिचे नाव आज आपल्याच राज्याच्या यादीत सहायक अभिनेत्रीपुढे लिहिले जाते. नावे देणाऱ्यांच्या मनात अवमान नक्कीच नसेल. यादी करताना दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी होती, आणि एक मोठे नाव शिल्लक होते, एवढेच झाले असेल.